ठासणीच्या बंदुकीचं गिऱ्हाईक

सोन्याला ते सोनं म्हणत नसत, पिवळा धातू म्हणत. शेजारच्या मुलीच्या लग्नात नवरीच्या अंगावर 'पिवळ्या धातूचे बरेच दागिने' असल्याचं त्यांनी तिच्या सासऱ्यांना सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं ते कौतुक होतं. दोन्हीकडच्या मंडळींना सराफाकडे जाऊन खातरजमा करावी लागली. दागिने सोन्याचेच निघाले. त्यावर ते म्हणाले, "सराफ म्हणाला ना? मग सराफाच्या नावानं सांगा."

जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टात ते बेलीफ होते. समन्स बजावायचं, जप्तीचा हुकूम घेऊन लोकांच्या दारात उभं राहायचं, पंचांसमक्ष सामानाचा पंचनामा करायचा आणि पुढे त्याचा लिलाव पुकारायचा, यात त्यांची सगळी नोकरी गेली. पंचनाम्याची एक भाषा असते. बेलिफानं डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं असतं. अंगठी सोन्याची की पितळेची हे ठरवणं त्याचं काम नाही. बहुतेक बेलीफ ही भाषा संध्याकाळी कोर्टात ठेवून घरी जातात. यांनी ती घरी आणली आणि निवृत्तीनंतर तीच शिल्लक राहिली. मान म्हणून लोक त्यांना नाझरसाहेब म्हणत. नाझर हा बेलिफांचा वरिष्ठ. प्रत्येक वेळी ते थांबून सांगत, "नाझर नव्हतो. बेलीफ." शेवटी सगळे त्यांना बेलीफकाका म्हणू लागले.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची काही वर्षं मी त्यांच्या रत्नागिरीतल्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. मी तिथल्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. काका सकाळी माझ्या आधी पेपर वाचत आणि ओटीवर माझी वाट बघत बसत. "अहो वार्ताहर," ते म्हणत, "आगीत सर्वस्व जळून खाक झालं, असं लिहिलंय तुम्ही. सर्वस्वाचा पंचनामा कुणी केला?" लिहिण्याची पद्धत आहे, असं मी सांगे. "आणि हे, 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.' कोण करत होतं? दोघांची नावं तरी द्या." काही महिन्यांनी माझ्या बातम्यांतून सर्वस्व आणि हळहळ दोन्ही गेली. बातम्या फार कोरड्या येतात, असं संपादकांनी एकदा सुचवलंही.

ओटीच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर एक बंदूक आडवी ठेवलेली असे. ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून काथ्याचा बोळा घालून गजानं ठासायची आणि मागे घोड्याखाली तांब्याची एक छोटी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो. नळीला आतून आटे पाडलेले होते, म्हणजे खरं पाहता ती रायफल होती. काकू तिला 'ती काठी' म्हणत. काकांच्या खापरपणजोबांनी एका गोऱ्या साहेबाला वाघापासून वाचवलं आणि साहेबानं खूश होऊन ती दिली, अशी घराण्यात आख्यायिका होती. कुणी विचारलं तर काका ती पूर्ण सांगत आणि शेवटी जोडत, "असं वडील सांगायचे. वडील तिथे नव्हते."

त्यांचं गाव संगमेश्वरच्या बाजूला, आत डोंगरात होतं. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी देवळाबाहेर पडताना पहिला बार काढायचा मान त्यांच्या घराण्याचा. दर वर्षी ते बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून एसटीनं गावी नेत. गाडीत बसल्या बसल्या, कंडक्टरनं काही विचारायच्या आत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत, "बंदूक आहे. परवाना आहे. रिकामी आहे." त्यानंतर त्यांच्या बाकावर कुणी बसत नसे. शिमग्याच्या गर्दीत एसटीचं अख्खं बाक मिळवणारा दुसरा माणूस मी कोकणात पाहिला नाही.

बंदूक विकायची वेळ त्यांच्यावर त्यांनीच आणली. परवाना शेतीसंरक्षणाचा होता. वानरं आणि रानडुकरं पिकाची नासाडी करतात म्हणून असे परवाने पूर्वीपासून दिले जात. ठरावीक वर्षांनी कचेरीत जायचं, कारकून मान वर न करता विचारणार, "शेती आहे ना?" आपण हो म्हणायचं आणि त्यानं शिक्का मारायचा, असा रिवाज होता. त्या वर्षी काका म्हणाले, "जमीन आहे. पीक नाही. कसणारे मुंबईला गेले, तेव्हापासून पडीक आहे."

कारकुनानं मान वर केली. तो भला माणूस असावा. त्यानं तोच प्रश्न पुन्हा, उत्तरासकट विचारला. "म्हणजे थोडंफार पिकत असेलच ना, काका?"

"फणस झाले होते म्हणतात. वानरांनी खाल्ले म्हणतात. मी बघायला नव्हतो."

नूतनीकरण नाकारलं गेलं. वर्षअखेरपर्यंत बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकावी, नाहीतर पोलीस ठाण्यात जमा करावी, असा हुकूम आला. हुकूम रीतसर आहे, असं काकांनी मला वाचून दाखवताना सांगितलं.

जमा करणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. शिवणयंत्रं, सायकली, तांब्याचे हंडे त्यांनी आयुष्यभर सरकारी कोठीत नेऊन ठेवले होते. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात बंद खोलीतल्या लोखंडाचं काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. एकदा ते एका पायपेटीबद्दल बोलले. "आत नेली तेव्हा वाजत होती. मालक सोडवायला आला तेव्हा तिच्यात उंदरांची पिल्लं. कागदावर मात्र तीच पायपेटी." त्यानंतर ते बराच वेळ बंदुकीकडे बघत बसले. बंदूक कोठीत जाऊ द्यायची नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं आणि ते त्यांनी मला स्पष्ट सांगितलंही. मुलाला विचारून झालं होतं. मुलगा मुंबईत बँकेत होता. त्यानं कळवलं होतं की त्यांच्या सोसायटीत कुत्रा ठेवायलाही बंदी आहे.

गिऱ्हाइकं येऊ लागली. पहिला आला तो पावसच्या बाजूचा एक आंबा बागायतदार. त्याच्याकडे परवाना होता, वानरं होती आणि घ्यायची इच्छाही होती. काकांनी बंदूक खाली काढून चटईवर ठेवली आणि सुरुवात केली. जुनी, वापरती. दस्त्याला तडा. घोड्याची कमान ढिली. नेम उजवीकडे जातो. किती जातो ते सांगता येत नाही, कारण दर वेळी सारखा जात नाही. बागायतदार ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "काका, विकायचीय ना?"

"विकायचीय. म्हणून तर सांगतोय."

तो चहा घेऊन गेला. त्याच्यानंतर जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. त्याला बंदुकीच्या अवस्थेशी कर्तव्य नव्हतं, त्याला साहेब आणि वाघ हवे होते. गिऱ्हाइकांना ती गोष्ट सांगितली तर चालेल का, असं त्यानं विचारलं. काका म्हणाले, तुम्ही खुशाल सांगा, पण कुणी माझ्याकडे चौकशीला आला तर मी ऐकीव आहे म्हणून सांगेन. तोही गेला. आतून काकूंचा आवाज आला, "लोकांच्या घरातली चूलसुद्धा लिलावात खपवलीत. घरची एक काठी खपवता येईना."

"तिथे बघायचं काम घेणाऱ्याचं होतं," काका म्हणाले. "इथे सांगायचं काम माझं आहे."

मग गावाहून मानकरी आले. नारळ पुढे ठेवून त्यांच्यातले वडीलधारे म्हणाले, "बंदूक देवाची हाय. तुमी नुसती सांभाळताव." काका लगेच कबूल झाले. काही न घेता बंदूक गावाला द्यायला ते तयार होते. अडचण एवढीच होती, की परवाना देवाच्या नावावर होत नाही. कुणातरी एका माणसाचं नाव लागतं. ज्याच्या नावावर परवाना, त्याचा पहिला बार. ज्याचा पहिला बार, त्याच्या अंगणात पालखी आधी. वरच्या वाडीतलं नाव निघालं की खालची वाडी उठून उभी राही. शेवटी त्यांनी देवाला कौल लावला. देवानं वरच्या वाडीला उजवा, म्हणजे होकाराचा, कौल दिला. खालच्या वाडीचं म्हणणं पडलं की प्रश्नच चुकीचा घातला होता. पुन्हा लावला, तर देवानं खालच्या वाडीला दिला. पुढच्या खेपेला मंडळी आली ती एकमतानं आली. बंदूक सरकारात जमा व्हावी, म्हणजे कुणाचाच मान जायचा नाही, असं गावानं ठरवलं होतं. काका म्हणाले, "बरं." मानकऱ्यांनी आणलेला नारळ काकूंनी त्यांच्याबरोबर परत पाठवला.

दिवाळीनंतर लोट्याहून एक मॅनेजर आले. तिथल्या रसायनांच्या एका कारखान्यात ते होते, मूळचे पुण्याचे. कंपनीनं दिलेल्या बंगल्याच्या हॉलमध्ये भिंतीवर काहीतरी जुनं हवं, असं त्यांना वाटत होतं. काकांनी तडा, कमान आणि नेम सांगितला. वाघाची गोष्ट ऐकीव आहे, हेही सांगितलं. मॅनेजरांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, आमच्याकडे माल घेऊन येणारे सगळे नुसतं उत्तम म्हणतात, खरं काय ते प्रयोगशाळेत कळतं. तुम्ही प्रयोगशाळा घरातच ठेवलीय. त्यांनी तिथल्या तिथे घ्यायचं नक्की केलं. ती रोज पुसली जाईल आणि तिच्यावर दिवा लावला जाईल, असंही सांगितलं. तिच्या शेजारी दुसरं काही टांगणार नाही ना, एवढंच काकांनी विचारलं. नाही, असं उत्तर मिळालं. त्या संध्याकाळी काकांनी माझ्या बातमीत चूक काढली नाही.

मॅनेजरांकडे परवाना नव्हता. त्यावर तोड पोलीस ठाण्याच्या फौजदारांनी सांगितली. उडू न शकणारं जुनं हत्यार शोभेसाठी ठेवायला परवाना लागत नाही. बंदूक निकामी आहे, असा पंचनामा करायचा, काकांनी सही करायची, मॅनेजरांनी घेऊन जायचं. फौजदारांनी कागदही पुढे ओढला. काकांनी विचारलं, "निकामी आहे, हे कुणी पाहिलं?"

"काका, तिचं वय बघा."

"वय दिसत नाही साहेब. बार काढून बघावा लागेल. न बघता मी सही करणार नाही."

चाचणीची मागणी कायद्याची नव्हती, फौजदारांची नव्हती आणि मॅनेजरांची तर नव्हतीच. ती एकट्या काकांची होती. फौजदारांनी सुस्कारा टाकून दिवस ठरवला.

शहराबाहेरच्या कातळावर आम्ही मॅनेजरांच्या जीपनं गेलो. फौजदार, कागद घेतलेला एक हवालदार, मॅनेजर, काका आणि मी. पावसाळ्यात वाढलेलं गवत वाळून पिवळं पडलं होतं. काकांनी दारू ओतली, काथ्याचा बोळा घातला, गजानं ठासलं. गोळी घातली नाही. टोपी बसवली, बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढला. घोडा आपटल्याचा आवाज आला, एवढंच. त्यांनी टोपी बदलली. पुन्हा तोच आवाज.

"झालं," फौजदार म्हणाले. मॅनेजर हसले. हवालदारानं गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला सुरुवात केली. काकांनी घोड्याखालची टोपी काढून तळहातावर घेतली आणि डोळ्यांजवळ नेली.

"टोपी सर्दावली आहे," ते म्हणाले. "बंदुकीचा दोष नाही."

फौजदार त्यांच्याजवळ गेले. आवाज खाली आणून, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, "काका, चांगल्या घरी चाललीय ती. कोठीत ठेवायची नाही, असं तुम्हीच म्हणत होतात ना? आता गप्प बसा. माझं ऐका."

"साहेब, दोनदा कडी वाजवून कुणी दार उघडलं नाही, म्हणून घरात कुणी नाही असं मी कधी लिहिलेलं नाही."

डबीतल्या उरलेल्या टोप्या त्यांनी रुमालावर पसरल्या आणि रुमाल तापलेल्या कातळावर ठेवला. आम्ही जीपच्या सावलीत बसलो. मॅनेजरांनी बिस्किटांचा पुडा फोडला. फौजदारांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा आभाळाकडे पाहिलं. ढग यावा असं त्यांना वाटत असावं, पण त्या दिवसांत ढग येत नाहीत.

काका उठले. टोपी बसवली. बार झाला तेव्हा गवतातून टिटव्या ओरडत उठल्या आणि पांढऱ्या धुरात काका काही क्षण दिसेनासे झाले. धूर विरला तेव्हा ते तसेच उभे होते, उजवा गाल काळा झालेला. ते हवालदाराकडे वळून म्हणाले, "लिहा. चालते."

हवालदारानं फौजदारांकडे पाहिलं. फौजदारांनी आधीचा कागद मागून घेतला, घडी केली आणि खिशात घातला.

मॅनेजरांनी अजून आशा सोडली नव्हती. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नळीला एक भोक पाडलं की ती कायदेशीरपणे निकामी होईल, बाहेरून दिसणारही नाही, असं ते म्हणाले. काकांनी विचार केला. खरोखरच केला, कारण उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला. मग म्हणाले, "मी तुम्हाला बंदूक विकत होतो. भोक पाडल्यावर ती बंदूक राहत नाही. तुमची फसवणूक होईल." मॅनेजरांनी आम्हाला घरापर्यंत सोडलं. जाताना काकांना वाकून नमस्कार केला आणि पुन्हा कधी आले नाहीत.

काकूंनी ओटीवरूनच विचारलं, "विकली?"

"नाही."

"मग तोंड कशानं काळं झालं?"

"बार चांगला झाला," काका म्हणाले आणि नळी धुवायला गरम पाणी मागितलं.

रत्नागिरीत या प्रकाराचा अर्थ दोन तऱ्हांनी लावला गेला. कोर्टासमोरच्या हॉटेलात त्यांना सरळ वेडा ठरवलं. काही जण म्हणाले, म्हातारा पक्का आहे, त्याला बंदूक परक्या घरी जाऊ द्यायचीच नव्हती. मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "मनातलं पंचनाम्यात घेत नाहीत." मी लिहिलेली बातमी संपादकांनी परत दिली. एका म्हाताऱ्याची बंदूक विकली गेली नाही, यात बातमी काय, असं त्यांचं म्हणणं होतं.

वर्ष संपायच्या आत काकांनी बंदुकीला तेल लावलं, चादरीत गुंडाळली आणि चालत जाऊन ठाण्यात जमा केली. पोच घेतली. भिंतीवरच्या खुंट्या तशाच राहिल्या. काकूंनी एकीवर पिशवी अडकवली, ती त्यांनी काढून ठेवली. शिमग्याला ते गावी गेले नाहीत. पालखी बाहेर पडताना यंदा सुतळी बॉम्ब लावल्याचं आणि देवानं काही नाराजी दाखवली नसल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं. पावसाळा लागला. जोराचा पाऊस असला की काका ओटीवर येऊन ठाण्याच्या दिशेला तोंड करून बसत. दिसत काहीच नसे, मध्ये माडांची बाग होती. मी बातम्यांसाठी रोज ठाण्यात जातो हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही.

खंडेनवमीला घरात शस्त्रं पूजतात. काकूंनी पाटावर कोयता, विळी आणि अडकित्ता मांडला. काकांनी हळदकुंकू वाहिलं, टोपी घातली, छत्री घेतली आणि न सांगता बाहेर पडले. मी ठाण्यात पोचलो, तेव्हा ते तिथे दाराशी उभे होते. ठाण्याची शस्त्रपूजा चालू होती. टेबलांवर सरकारी रायफली ओळीनं मांडल्या होत्या आणि ओळीच्या शेवटी काकांची बंदूक होती. कातळावर आलेल्या हवालदारानं ती आदल्या दिवशी कोठीतून काढून स्वतः घासली होती आणि तिला झेंडूचा हार घातला होता. दुसऱ्या कुठल्या रायफलीला अख्खा हार नव्हता.

"या काका," फौजदार म्हणाले. "तुमच्या हातानं होऊ दे."

सगळे बाजूला झाले. काका पुढे गेले. वाकून त्यांनी नळी पाहिली, घोड्याखाली बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरलं. गंज नव्हता. मग ते ताठ झाले.

"साहेब, ही खाजगी इसमाची जमा वस्तू आहे," ते म्हणाले. "सरकारी हत्यारांत मांडता येत नाही. उद्या तपासणी आली तर तुमच्या अंगाशी येईल."

फौजदारांनी हवालदाराला मानेनं खूण केली. हवालदार घुश्शात होता. त्यानं बंदूक उचलली आणि तो कोठीकडे निघाला. काका मागोमाग गेले, मीही गेलो. कोठीत सायकलींच्या आणि डब्यांच्या पलीकडे त्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली. हार काढला नाही. जमा वस्तू जशी आली तशी ठेवायची असते, तिच्यावर काही चढवता येत नाही. हे तिथे काकांइतकं कुणाला माहीत असणार? ते हाराकडेच बघत होते.

हवालदारानं दार ओढून घेतलं आणि त्रासून विचारलं, "आणि काय राहिलं का काका?"

"काही नाही," काका म्हणाले. "कुलूप लावा."